अणीमांडव्य आणि कझानची मुलगी

आदिपर्वातलं अणीमांडव्याचं आख्यान कीर्तनाला लावायला सहसा कुणी धजत नाही. त्यात युद्ध नाही, लग्न नाही, देवाचं दर्शन नाही. सुळावर चढवलेला एक ऋषी आहे आणि तो मरत नाही, एवढंच. उत्तररंगात हे घ्यायचं म्हणजे श्रोत्यांना तासभर चुळबुळत बसवायचं. मी घेते. रत्नागिरीच्या आसपासच्या उत्सवांत घेतलंय, आणि “ताई, पुढच्या वर्षी जरा सुभद्राहरण घ्या हो,” असं विश्वस्तांकडून ऐकूनही घेतलंय.

कथा थोडक्यात सांगते. मांडव्य आश्रमाच्या दारात हात वर करून, मौन धरून तप करत उभा. चोर पळत आले, लुटीचा माल आश्रमात टाकून तिथंच दडले. मागून राजाचे शिपाई. चोर कुठं गेले, विचारतात, तर हा बोलत नाही. झडतीत माल सापडला, चोर सापडले, आणि राजानं चोरांबरोबर ऋषीलाही सुळावर दिलं. चोर गेले. मांडव्य मात्र सुळावर जिवंत. राजाला उमगलं तेव्हा तो पायाशी लोळला, सूळ उपसायला गेला, निघेना. शेवटी बाहेरचा भाग कापला आणि टोक अंगातच राहू दिलं. ते टोक घेऊन मांडव्य यमधर्मापुढं गेला आणि म्हणाला, असं कोणतं पाप केलं होतं मी? धर्मानं वही बघितली. लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत गवताच्या काड्या खुपसल्या होत्यास.

इथं कीर्तनात मी थांबते, पेटीवाले नुसता सूर धरून ठेवतात, आणि मंडपातल्या प्रत्येक बापय माणसाला लहानपणी चतुराच्या शेपटीला बांधलेला दोरा आठवतो. चेहऱ्यावर दिसतं ते.

मांडव्यानं धर्मालाच शाप दिला. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा करणारा तू, माणसाच्या जन्माला जाशील. आणि आजपासून मी मर्यादा घालतो : चौदा वर्षांपर्यंत केलेल्या कर्माचं पातक लागणार नाही. न्याय करणारा धर्म तो विदुर होऊन जन्मला. शाप शूद्र योनीत जन्माचा होता, आणि तो शिक्षा म्हणून दिला होता, हेही मी गाळत नाही. ज्या रत्नागिरीत भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर १९३१ पासून सगळ्या जातींना उघडं आहे, त्या गावात हा तपशील गिळून पुढं जाणं मला जमत नाही. ग्रंथकर्त्याला त्या जन्मात शिक्षा दिसली आणि त्याच जन्मातून त्यानं अख्ख्या भारतातला सर्वांत शहाणा माणूस काढला. हा विरोध त्याला दिसला होता का, हा प्रश्न पुन्हा कधीतरी.

मला आज बोलायचंय ते चौदाच्या आकड्याबद्दल. मूल करतं ते कुणाचं? हा प्रश्न आख्यानात पहिल्यापासून होता. तो मला नीट भिडला फेब्रुवारी २०२२ मध्ये, एका रशियन मुलीमुळं.

त्या वर्षी देवळांचे कार्यक्रम अजून धड सुरू झाले नव्हते. घरी बसून होते. भाचीच्या मुलीनं मोबाइल पुढं केला, “आज्जी, ही बघ.” बर्फावर स्केटिंग करणारी एक शेलाटी मुलगी. कमिला वालियेवा, कझानची, वय पंधरा. संगीत रावेलचं ‘बोलेरो’. पाश्चात्य संगीतातलं मला काही कळत नाही, पण हे कळलं, कारण त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत ताशाचा एकच ठेका चालू असतो आणि त्यावर एकेक वाद्य चढत जातं. आपला तबलजी तासभर एकच लग्गी धरून बसावा तसं. त्या ठेक्यावर ही मुलगी उडी घेते आणि खाली येईपर्यंत हवेत चार वेढे पूर्ण करते. पाऊण सेकंदसुद्धा नाही. बेजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये, सांघिक स्पर्धेत तिनं ही चार वेढ्यांची उडी साधली. ऑलिंपिकमध्ये ती साधणारी ती पहिली स्त्री. नोव्हेंबर २०२१ मध्ये सोचीला तिनं एकूण २७२.७१ गुण मिळवले होते, आणि त्याआधी इतके गुण कुणा मुलीला मिळालेले नव्हते.

सांघिक स्पर्धा ७ फेब्रुवारीला संपली, रशियन संघ पहिला आला. दुसऱ्या दिवशी स्टॉकहोमच्या प्रयोगशाळेतून अहवाल आला. २५ डिसेंबरला सेंट पीटर्सबर्गच्या राष्ट्रीय स्पर्धेत घेतलेल्या तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन सापडलं होतं. हे छातीच्या दुखण्यावरचं औषध. आमच्याकडे थोरल्या दिरांच्या डब्यात असायची ती गोळी, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. पंधरा वर्षांच्या मुलीच्या पोटात तिचं काय काम?

पुढचा आठवडा मला मांडव्याच्या आश्रमासारखा वाटला. सगळे तिच्याकडे बोट दाखवतायत आणि ती बोलत नाही. क्रीडा लवादानं १४ तारखेला तिला वैयक्तिक स्पर्धेत उतरू दिलं; सोळा वर्षांच्या आतल्या खेळाडूला नियमांत वेगळं संरक्षण आहे, हे त्यातलं एक कारण होतं. पण ऑलिंपिक समितीनं त्याचबरोबर जाहीर केलं की ती पहिल्या तिघींत आली तर पदकं देण्याचा समारंभच होणार नाही. म्हणजे खेळ, पण जिंकू नकोस. पहिल्या फेरीत ती पुढं होती. १७ तारखेला ‘बोलेरो’वर ती पुन्हा उभी राहिली, दोनदा पडली, कितीतरी वेळा अडखळली, चौथी आली. बर्फावरून बाहेर आली तेव्हा प्रशिक्षिका एतेरी तुतबेरिद्झे यांनी पहिला प्रश्न काय केला, तर तू सोडून का दिलंस, झगडणं का थांबवलंस? कॅमेऱ्यासमोर. दुसऱ्या दिवशी ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष टॉमस बाख यांनीही त्या थंडपणाबद्दल जाहीर बोलून दाखवलं. १७ तारखेलाच पाच वेळा चार वेढ्यांची उडी घेऊन दुसरी आलेली अलेक्झांड्रा त्रुसोवा ओरडून रडत होती, आणि सुवर्ण मिळवलेली आन्ना श्चेरबाकोवा हातात काहीतरी धरून एकटीच बसली होती. तिघी एकाच प्रशिक्षिकेच्या. भाचीची मुलगी म्हणाली, “आज्जी, जिंकलेलीला कुणी मिठीपण मारत नाहीये.”

मी त्या मुलींकडे बघत होते ती एक जुनी बालकीर्तनकार म्हणून. साठच्या दशकात, आठव्या वर्षापासून, परकर-पोलक्यात, स्टुलावर उभी करून वडील मला कीर्तनाला उभं करायचे. पूर्वरंगातलं वेदान्ताचं निरूपण मी घडाघडा म्हणायचे. जीव, ईश्वर, माया, सगळं. त्यातलं एक अक्षर मला कळत नव्हतं, आणि म्हाताऱ्या बायका डोळे पुसायच्या. आरतीच्या ताटात पैसे पडायचे, ते वडील मोजायचे. त्यात वाईट काही नव्हतं, घर त्यावरच चालायचं. आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडायचं. चिपळ्या हातात आल्या की अंगात काहीतरी शिरायचं. ते वडिलांचं नव्हतं, माझंच होतं. मग मी चौदा-पंधराची झाले, उंची वाढली, साडी नेसायला लागले, आणि तेच निरूपण, आता थोडंफार कळून केलेलं, ऐकायला निम्मी माणसं उरली. लोकांना वेदान्त नको होता. लहान मुलीच्या तोंडचा वेदान्त हवा होता.

रशियातल्या त्या मुलींचंही तेच होतं, असं मला वाटतं. चार वेढ्यांची उडी लहान, हलक्या, कंबरेत न भरलेल्या शरीराला सोपी जाते. मुलगी वयात आली की वजन आणि उंची बदलते, फिरण्याचा अक्ष बदलतो, उडी हातची जाते. तोवर मागं दुसरी तेरा वर्षांची तयार असते. २०१४ च्या ऑलिंपिकमध्ये युलिया लिपनित्स्काया पंधराची होती. एकोणिसाव्या वर्षी ती निवृत्त झाली, भूक मारून घ्यायच्या आजारातून उपचार घेत होती असं तिनंच सांगितलं.

आता लवादाचा निकाल. जानेवारी २०२४ मध्ये लोझानच्या लवादानं वालियेवाला चार वर्षांची बंदी घातली, नमुन्याच्या दिवसापासून, आणि त्या दिवसानंतरचे तिचे सगळे निकाल रद्द केले. तिच्या बाजूनं सांगितलं गेलं की औषध आजोबांच्या गोळीतून आलं. आजोबा स्वयंपाकघरात गोळ्या कुटायचे आणि त्यांनीच केलेला स्ट्रॉबेरीचा गोड पदार्थ तिनं खाल्ला. लवादाला ते सिद्ध झालं असं वाटलं नाही. आणि नियम असा की पदार्थ शरीरात सापडला की अपराध ठरला. तो जाणूनबुजून झाला नाही हे खेळाडूनं दाखवायचं. ते दाखवता आलं नाही तर पंधरा वर्षांची मुलगी आणि तीस वर्षांचा पुरुष यांत फरक करायला आधार नाही, असं लवाद म्हणाला.

मी हे वाचलं तेव्हा थांबले. आपल्याला ठाऊक नव्हतं हे सिद्ध करायचं ते कसं? मोठमोठ्या आचार्यांना अज्ञानाचं स्वरूप सांगताना घाम फुटलाय. ते काम एका मुलीवर, आणि पुरावा म्हणून आजोबांचा पाट-वरवंटा.

कीर्तनाला नेहमी येणारे एक वकील आहेत, त्यांनी मला झाडलं. म्हणाले, “ताई, तुमचा मांडव्य चौदावर थांबतो. ही पंधरा वर्षं आठ महिन्यांची होती. तुमच्याच शास्त्रानं ती मोठी.” खरं आहे. त्यांनीच मग मला आकडे सांगितले. आपल्या फौजदारी कायद्यात सात वर्षांखालच्या मुलाचा अपराधच नाही. सात ते बारा, समज किती त्यावर. अठरापर्यंत बाल न्याय मंडळ. आणि २०१५ च्या कायद्यानं सोळाच्या पुढच्याला, गुन्हा फार गंभीर असेल तर, मोठ्यांसारखं चालवता येतं. वकिलांचं म्हणणं, रेघ कुठंतरी ओढावीच लागते, आणि रेघेच्या पलीकडे एक मूल नेहमीच उभं असतं. शिवाय आणखी एक टोला : “मांडव्यानं कायदा केला तो स्वतः सुळावरून उतरल्यावर. हितसंबंधी पक्षकार. त्या किड्यांची बाजू कुणी मांडली?”

हा किड्यांचा प्रश्न मी झटकू शकत नाही. सांघिक स्पर्धेत दुसरे आलेले अमेरिकन आणि तिसरे आलेले जपानी स्केटर बेजिंगहून पदकाशिवाय घरी गेले. त्यांना पदकं मिळाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये, पॅरिसला, उन्हाळ्याच्या ऑलिंपिकमध्ये, आयफेल टॉवरच्या समोर. बर्फ नाही, आपला खेळ नाही, आणि तो दिवस कधीच गेलेला. त्या मुलांचं काही चुकलं नव्हतं. म्हणून वालियेवाचे निकाल रद्द झाले ते मला मान्य आहे. गोळी पोटात असताना मिळालेलं फळ तिचं नव्हतं, ते ज्याचं त्याला गेलं. त्यात तिच्या मनात काय होतं हे विचारायचं कारणच नाही.

पण फळ काढून घेणं एक, पाप लावणं दुसरं. चार वर्षं हे पाप लावणं आहे. धर्माची चूक नेमकी हीच होती. किड्याचं दुःख खरं होतं. त्याची भरपाई कशी करायची ती करा. त्यानं मुलाच्या नावावर पातक लिहून ठेवलं आणि म्हाताऱ्याकडून वसूल केलं, हे अधर्म झालं. आणि ते करणारा प्रत्यक्ष धर्म होता, म्हणून त्याला खाली यावं लागलं. महाभारतात या प्रसंगात शिक्षा भोगतो तो न्यायाधीश, हे मला अजून कुठल्या ग्रंथात भेटलेलं नाही.

यावर खरी अडचण दुसरीच आहे, आणि ती वकिलांनी नाही, माझी मीच काढली. पाप मुलाचं नाही म्हणायचं तर पुण्यही मुलाचं नाही म्हणावं लागेल. मग ध्रुवाचं काय? पाच वर्षांचा पोर अढळपद घेऊन बसला. प्रह्लाद, नचिकेत, आमच्या कीर्तनाचा निम्मा धंदा लहान मुलांच्या पुण्यावर चालतो. आणि ज्ञानेश्वर. परंपरेनं धरलेल्या सालांप्रमाणं जन्म शके ११९७, ज्ञानेश्वरी शके १२१२. पंधरा वर्षं. वालियेवाच्या वयाचे. मराठी माणसाचा सगळा अभिमान एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या कर्तृत्वावर उभा आहे; ते त्याचं नव्हतं, शिकवणाऱ्या निवृत्तिनाथांचं होतं, असं म्हणायची कुणाची छाती आहे? आणि त्याच मुलाला, भावंडांसकट, बापानं संन्यास मोडला म्हणून वाळीत टाकलं होतं. बापाचं पाप पोरांच्या खाती, हा हिशेब आपल्याकडच्या शास्त्र्यांनी आळंदीत केलेला आहे. तेव्हा लोझानकडे बोट दाखवताना जरा हात आखडता.

म्हणजे मला हवंय ते असं : पुण्य मुलाचं धरा, पाप धरू नका. हा पक्षपात आहे, कबूल. पण तो मायेपोटी केलेला पक्षपात आहे असं मी म्हणणार नाही. त्याला आधार आहे. चांगलं काम करायला ते करण्याचं बळ पुरतं. ध्रुव बसला, एवढं पुरे. वालियेवानं उडी घेतली. त्या उडीत दुसरं कुणी नव्हतं, एतेरीबाई कठड्याबाहेर उभ्या होत्या. वाईट कामाचा दोष लागायला मात्र आणखी एक गोष्ट लागते : ते नाकारता येण्याची ताकद. उडी मारायची ताकद त्या मुलीकडे जगात कुणाहीपेक्षा जास्त होती. डॉक्टर, प्रशिक्षक, संघटना, देश, घर, या सगळ्यांसमोर उभं राहून “हे मी घेणार नाही” किंवा “यात काय आहे?” असं विचारायची ताकद पंधराव्या वर्षी किती जणींकडे असते? मला वडिलांना कधीच नाही म्हणता आलं नाही. स्टूल मांडलं की चढायचं. माझं नशीब की स्टुलावर वेदान्तच होता.

वालियेवानं ते औषध जाणूनबुजून घेतलं असेल का? असेलही. तसं असलं तरी माझं म्हणणं बदलत नाही, फक्त कमी सोयीचं होतं. आणि निकालपत्र लिहिलं गेलं ते एकाच नावाचं, तिच्या.

आपल्या दारातलं उदाहरण घ्यायचं तर दहीहंडीचं घ्यावं लागतं. गोकुळाष्टमीच्या रात्री मी कृष्णजन्माचं कीर्तन करते, दुसऱ्या दिवशी काला. काल्याच्या कीर्तनात हंडी फुटते ती हाताला येईल एवढ्या उंचीवर, प्रसाद वाटला जातो, संपलं. मुंबई-ठाण्यात तीच हंडी नऊ थरांवर गेली, लाखांची बक्षिसं लागली, आणि सगळ्यात वर कोण? सगळ्यात हलकं मूल. चार वेढ्यांच्या उडीला जे शरीर लागतं तेच. हे थर लावणाऱ्या पथकांत आमच्या कोकणातली पोरं खंडीभर. शिमग्याला पालखी नाचवायला गावी येतात, तेव्हा पडलेल्यांच्या गोष्टी सांगतात, हसत. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अठरा वर्षांखालच्यांना थरांत मनाई केली आणि उंची वीस फुटांवर आणली. मग सर्वोच्च न्यायालय, मग पुन्हा इकडं. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये उंचीची अट गेली, चौदा वर्षांखालील मुलांना घेणार नाही हे सरकारचं म्हणणं उच्च न्यायालयानं मान्य केलं. तो चौदाचा आकडा बालकामगारांच्या कायद्यातून आलाय, मांडव्याशी त्याचा संबंध नाही. तरी माझ्या आख्यानात मी तो सांगते, आणि मंडपात तेवढ्यापुरती शांतता होते. कारण इथं पाप-पुण्याची गल्लत अगदी घरची आहे. मूल वर पोचलं तर “गोविंदा”, देवाचं नाव; पडलं तर पोराचा तोल गेला. मग खालच्या थरातल्या, बक्षीस लावणाऱ्या, टाळ्या वाजवणाऱ्या मोठ्यांच्या खाती काहीच नाही का?

स्केटिंगवाल्यांनी एक गोष्ट केली. जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनं मोठ्यांच्या स्पर्धेत उतरायचं किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्यानं सतरावर न्यायचं ठरवलं. मांडव्यासारखंच, सूळ बसल्यानंतर. पण या मर्यादेत मला एक खोट दिसते. ती मुलीला स्पर्धेबाहेर ठेवते. सराव कुठल्या वयात, किती तास, कुणाच्या हाताखाली, ताटात काय, हे मागच्यासारखंच चालू राहू शकतं. चौदाची रेघ मांडव्यानं पापासाठी ओढली होती, मुलानं काही करूच नये असं तो म्हणाला नव्हता. ध्रुवाला त्यानं जंगलात जायची बंदी केली नाही.

वालियेवाची बंदी २५ डिसेंबर २०२५ ला संपली. ती एकोणीस वर्षांची झाली होती. या वयाला मुली पुन्हा चार वेढे घेऊ शकतात का, याची चर्चा लगेच सुरू झाली. गोळी दिली कुणी, हा प्रश्न आता कुणी फारसा विचारत नाही.

गेल्या पावसाळ्यात खालच्या आळीतलं एक जोडपं नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आलं. गळा गोड, पाठांतर जबरदस्त. बालकीर्तन स्पर्धा आहे, तयारी करून द्या म्हणाले. शिकवते म्हटलं, स्पर्धेचं नंतर बघू. वडिलांना ते रुचलं नाही, पण मुलगी यायला लागली. महिन्याभरानं मी तिच्यापुढं हे आख्यान काढलं. किड्यांपर्यंत ऐकलं तिनं, मग तोंड वाकडं करून म्हणाली, “मी हे नाही म्हणणार. घाण आहे.” तिची आई दारातून डोळे वटारत होती. मी म्हटलं, बरं, नको. चिपळ्या घे, आज नुसता ताल धरू.